दुसऱ्या खाचेतलं मीठ

"यातली एक बरणी तुमचा जीव घेऊ शकते," असं म्हणून बाई गप्प राहायच्या. मोठ्या भावंडांकडून हा खेळ आधीच ऐकून आलेली पोरंसुद्धा त्या वेळी बाकावर ताठ व्हायची. टेबलावर एक लाकडी घोडी, तिला सहा खाचा, सहा खाचांत एकाच मापाच्या सहा काचेच्या बरण्या आणि साऱ्यांत पांढरी भुकटी. चिठ्ठी एकीवरही नाही.

"ओळखा पाहू."

पोरं माना लांब करायची. कुणी म्हणायचं साखर, कुणी म्हणायचं चुना. एखादा आगाऊ पोरगा हमखास म्हणायचा, "बाई, एकीत तुम्ही तोंडाला लावता ती पावडर आहे!" वर्ग खिदळायचा, बाईही हसायच्या. चिडायच्या नाहीत, कारण पोरं हसली की ऐकतात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

असेंद्रिय रसायनशास्त्राची सुरुवात बाई बावीस वर्षं अशीच करत आल्या होत्या. पुस्तकाच्या पहिल्या पानावर मूलद्रव्याची व्याख्या होती. ती घोकून कुणाचं भलं झालंय असं त्यांना कधी वाटलं नाही. त्या सरळ गोष्टच सांगायला लागायच्या.

"सोडियम नावाचा एक धातू आहे. सुरीने कापता येईल इतका मऊ, पण पाण्यात टाका, पेट घेतो. क्लोरीन नावाचा एक वायू आहे, छातीत गेला की कारभार आटोपला. दोघंही वाया गेलेले. आता या दोघांचं लग्न लावून दिलं तर काय होईल?"

"मारामारी!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं.

"मीठ होतं, मीठ! तुमच्या जेवणातलं. संसाराला लागले आणि सुधारले. आता तोच सोडियम घ्या आणि त्याला नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यात बसवा. हे दोघं कोण? आत्ता तुम्ही नाकाने आत ओढताय ना, ती हवा. एकदम सज्जन मंडळी. पण या तिघांचं एका ठरावीक प्रमाणात जमलं, की सोडियम नायट्राइट तयार होतं. दिसतं मिठासारखं, लागतं मिठासारखं आणि माणसाला निळा करून मारतं. म्हणजे मूलद्रव्य चांगलंही नसतं, वाईटही नसतं. ते कुणाबरोबर बसलंय ते बघायचं."

मग वर्गात अशी शांतता पसरायची की नळाचा थेंब ऐकू यावा. आणि शेवटी यायचा बाईंचा हुकमी एक्का. त्या पहिल्या बाकावरच्या एखाद्या मुलीला पुढे बोलवायच्या, "जीभ काढ" म्हणायच्या आणि डावीकडून दुसऱ्या खाचेतल्या बरणीतली चिमूटभर भुकटी तिच्या जिभेवर ठेवायच्या. मुलीचे डोळे गच्च मिटलेले, सगळ्या वर्गाने श्वास धरलेला. मग ती डोळे उघडून ओरडायची, "मीठ!" आणि टाळ्यांचा कडकडाट व्हायचा.

टाळ्या न वाजवणारा माणूस एकच. दाराशी उभे असलेले प्रयोगशाळेचे सहायक. त्यांना सगळी शाळा लेबलकाका म्हणायची, कारण हाताला लागेल त्या वस्तूवर ते चिठ्ठी डकवायचे. आम्लांच्या बाटल्यांवर तर होतीच, पण झाडूवर 'झाडू' आणि स्वतःच्या डब्यावर 'डबा (माझा)' अशीही चिठ्ठी होती. पोरं त्यावरून त्यांची चिक्कार टिंगल करायची.

"बाई, निदान बुडाखाली तरी डकवू द्या," त्या दिवशी तास संपल्यावर ते म्हणाले. बावीस वर्षांत हे ते किती वेळा म्हणाले असतील कोण जाणे.

"आणि पोरांनी उलटी करून वाचली म्हणजे? सगळी मजाच गेली. अहो काका, पहिलीत खायचा सोडा, दुसरीत मीठ, तिसरीत धुण्याचा सोडा, चौथीत खडू, पाचवीत नायट्राइट, सहावीत तुरटी. झोपेतून उठवलंत तरी सांगेन."

"तुम्ही सांगाल हो. बरणी सांगेल का?"

बाई हसल्या. काकांचं सगळंच असं रडकं, असं त्यांना वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला शाळेच्या दुसऱ्या इमारतीत हाच तास होता, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. आधी इथे येऊन बरण्या उचलायच्या म्हणजे दोन बस बदलायच्या. बाईंनी ती घोडी कापडी पिशवीत उभी ठेवली आणि घरी न्यायला निघाल्या. काका फाटकापर्यंत मागे आले.

"घरी नका नेऊ बाई. मी सकाळी सायकलवरून पोचवतो."

"काका, माझ्या घरात काय माकडं आहेत?" बाई म्हणाल्या आणि बस पकडायला धावल्या.

माकड नव्हतं, पण आबा होते.

आबा म्हणजे बाईंचे वडील. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. उभा जन्म इंजिनांच्या कारखान्यात फिटर म्हणून काढलेला. हाताला अजून इतकी शिस्त, की टेबलावर चमचा तिरका पडलेला दिसला तरी जाता जाता सरळ करतील. आई गेल्यापासून घरात बाप-लेक दोघंच. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी रक्तदाब बघून आबांचं मीठ तोडलं आणि तेव्हापासून त्या घरात चोर-पोलिसांचा खेळ सुरू झाला. बाईंनी मिठाचा डबा वरच्या फळीवर ठेवला, आबांनी तो दोन दिवसांत हुडकला. पिठाच्या डब्यामागे ठेवला, तिथूनही हुडकला. शेवटी बाईंनी तो आपल्या कपाटात कुलूपबंद केला आणि किल्ली पदराला बांधली.

"तुरुंगातसुद्धा मीठ देतात," आबा म्हणायचे.

"मग जा तुरुंगात," बाई म्हणायच्या. दोघांनाही भांडणात मजा यायची हे खरं.

त्या संध्याकाळी बाईंनी पिशवीतून घोडी काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. पिशवीचा बंद उसवला होता, तो शिवायचा होता. मग लक्षात आलं, दूध संपलंय. आबा बाहेरच्या खोलीत रेडिओला कान लावून बसले होते.

"आबा, दूध घेऊन येते. दोन अंडी उकडलीत, खाऊन घ्या."

"अळणी?"

"अळणी."

"मग कशाला उकडलीस? कोंबडीकडेच राहू द्यायची," आबा म्हणाले.

बाई हसत हसत जिना उतरल्या. दुकानात गर्दी होती. पुढे जुनी शेजारीण भेटली, तिने आपल्या गुडघ्यांचं पुराण लावलं. घरी परत यायला पाऊण तास झाला असेल, फार तर.

दार उघडल्यावर त्यांना आधी अंड्याची टरफलं दिसली, बशीत एका बाजूला नीट ढीग करून ठेवलेली. मग आबा दिसले. टेबलाशी खुर्चीत बसले होते, एक हात कपाळाला लावून.

"जरा गरगरतंय," ते म्हणाले. "काही नाही, उन्हाचं असेल."

त्यांनी तोंड वर केलं आणि बाईंच्या हातातली दुधाची पिशवी खाली पडली. आबांचे ओठ निळे होते. थंडीत होतात तसे निळसर नव्हे. शाई प्यायल्यासारखे निळे. नखं निळी, कानाच्या पाळ्या निळ्या, नाकाचा शेंडा राखेच्या रंगाचा.

दूध पायांखालून वाहत होतं, त्याचंही भान नाही. बावीस वर्षं त्या पोरांना सांगत होत्या, माणूस निळा होतो. वर्गात सांगताना आवाज मुद्दाम खाली आणायच्या, म्हणजे जास्त परिणाम होतो. पण निळा झालेला माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, आणि पाहिला तो हा!

"आबा! या बरण्यांतलं काही खाल्लंत?"

"कुठल्या बरण्या?"

"या! समोरच्या!"

आबांनी टेबलाकडे पाहिलं. घोडी तिथेच होती, सहाही बरण्या जागच्या जागी, झाकणं घट्ट लावलेली. "मी कशाला हात लावू तुझ्या शाळेच्या सामानाला," ते म्हणाले आणि त्यांनी नजर भिंतीकडे वळवली.

रुग्णवाहिका यायला अकरा मिनिटं लागली. त्या अकरा मिनिटांत बाईंनी त्यांना सात वेळा विचारलं. गाडीत बसल्यावर पुन्हा विचारलं. आबांना धाप लागली होती, शब्द तुटत होते, पण हेका कायम.

"आबा, तुमच्या पाया पडते, खरं सांगा. मीठ समजून काही खाल्लंत का?"

"मीठ? छे. शपथ."

"कुणाची शपथ?"

"तुझी नाही घेणार. पण नाही खाल्लं."

गाडीतल्या परिचारकाने त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क बसवला आणि बोटाला चिमटा लावला. यंत्रावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा आला पंच्याऐंशी. ऑक्सिजन वाढवला. पंच्याऐंशी. अजून वाढवला. पंच्याऐंशीच. परिचारकाने यंत्रावर टिचकी मारून पाहिली. बाहेरून ऑक्सिजन धो धो येतोय आणि रक्त तो उचलायला तयार नाही, याचा अर्थ एकच होता.

आणि तो अर्थ डॉक्टरांना सांगायचा, तर पोटात काय गेलं ते नक्की ठाऊक हवं. नुसत्या शंकेवर कोण ऐकणार? बापाचा जीव आता बापाच्याच एका शब्दावर लटकला होता आणि बाप तो शब्द काढत नव्हता, का, तर लेक मिठावरून ओरडेल म्हणून! बाईंना एकदम रडू आणि संताप दोन्ही आलं. आपणच यांना असं खोटं बोलायला लावलंय, हे त्यांना त्या हलत्या गाडीत लख्ख कळलं. किल्ली अजून पदराला होती.

त्यांनी आबांचा निळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. आवाज शक्य तितका मऊ केला.

"आबा, मी रागावणार नाही. कपाट उघडं ठेवीन, हवं तितकं मीठ खा. पण ते बरणीतलं मीठ नव्हतं हो."

आबांनी मास्कच्या वरून डोळे मोठे केले. मास्क बाजूला सारला.

"नव्हतं कसं? खारट तर होतं!"

असं म्हणाले आणि त्यांचे डोळे मिटले.

रुग्णालयात ड्युटीवरचा डॉक्टर तरुण होता, रात्रंदिवस काम करून डोळे लाल झालेला. त्याने वय विचारलं, रक्तदाब विचारला, छातीला स्टेथोस्कोप लावला आणि हृदयाच्या तपासणीची तयारी करायला सांगितली.

"डॉक्टर, हृदय नाही. सोडियम नायट्राइट पोटात गेलंय. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. बरणी माझीच."

"किती गेलं?"

"दोन अंड्यांवर घालतात तितकं. यांचा हात सढळ आहे."

घाबरलेले नातेवाईक काय वाटेल ते बोलतात, हे त्याला ठाऊक असणार. "बाई, तुम्ही जरा बाहेर बसा," तो म्हणाला.

"बसते. पण आधी यांच्या रक्ताचा एक थेंब कागदावर टाका. फक्त एक थेंब. शेजारी माझा टाका."

का कोण जाणे, त्याने ऐकलं. पांढऱ्या टिपकागदावर आबांचा थेंब पडला. मग बाईंनी बोट पुढे केलं, परिचारिकेने सुई टोचली आणि शेजारी बाईंचा थेंब पडला. बाईंचा लालभडक. आबांचा तपकिरी, काळ्या चहासारखा. डॉक्टरने कागद हवेत हलवला. हवा लागली की रक्त उजळतं. हे उजळेना. अर्धं मिनिट झालं, मिनिट झालं, तपकिरी ते तपकिरीच. एका बापाचं आणि एका लेकीचं रक्त शेजारी शेजारी, आणि दोन रंग. परिचारिकेच्या तोंडून "अगं आई!" निघून गेलं.

"रक्तातलं लोह," बाई बोलत होत्या. आपण वर्गात बोलतो त्याच आवाजात बोलतोय हे त्यांना कळत होतं, पण दुसरा आवाज त्यांच्याकडे नव्हता. "लोहाची दोन रूपं असतात. एक ऑक्सिजन उचलतं आणि पोचवतं. नायट्राइट गेलं की ते लोह दुसऱ्या रूपात जातं. मग ते हात बांधून बसतं. ऑक्सिजन कितीही द्या, उचलणार नाही. त्याला परत पहिल्या रूपात आणायला हवं. मिथिलीन ब्लू..."

"मिथिलीन ब्लू!" डॉक्टर पूर्ण ऐकायला थांबलाच नाही. दार ढकलून बाहेर धावला आणि ओरडून काहीतरी सांगत गेला. इथल्या कपाटात ते औषध नव्हतं. वरच्या मजल्यावर, शस्त्रक्रियेच्या खोलीत होतं. तिथून येईपर्यंत बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं नाही, आबांच्या छातीकडे पाहत राहिल्या. वर, खाली. वर, खाली. मध्येच एकदा वर यायला उशीर झाला, तेव्हा त्या पलंगाच्या कठड्यावर वाकल्या. परिचारिकेने त्यांना धरून स्टुलावर बसवलं.

औषध आलं. गर्द निळं. निळ्या पडलेल्या माणसाच्या शिरेत निळं औषध हळूहळू चढत होतं आणि बाई मनातल्या मनात मूलद्रव्यं म्हणत होत्या. हायड्रोजन, हेलियम, लिथियम. लहानपणी बाकीच्यांना भीती वाटली की ते देवाचं नाव घ्यायचे, बाईंना हेच यायचं. अठरा-एकोणीसपर्यंत गेल्या असतील. परत पहिल्यापासून सुरू केलं. चौथ्या वेळी सोडियमवर आल्या आणि अडखळल्या, तेवढ्यात यंत्रावरचा आकडा हलला. शहाऐंशी. मग अठ्ठ्याऐंशी. पाऊण तासाने आबांच्या ओठांवर गुलाबी रंग दिसला. बाईंनी तोंडात पदर कोंबला आणि हमसून हमसून रडल्या.

सकाळी आबा उठून बसले होते. मोरीत जाऊन आले ते पांढऱ्याफटक चेहऱ्याने.

"पोरी, मी मरणार बहुतेक. हिरवी झाली!"

"औषधाचा रंग आहे तो आबा. दोन दिवसांत जाईल."

"आधी सांगायचं ना! तिथे पडलो असतो ना धाडकन!"

बाईंना इतक्या तासांनी पहिल्यांदा हसू आलं. आबाही हसले, मग खोकले. काल खोटं बोललो, हे त्यांना बोलायचं होतं बहुतेक. पण तसलं काही बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी बाईंच्या हातावर फक्त दोनदा थोपटलं.

डॉक्टरला त्या बरणीतला नमुना हवा होता, कागदपत्रांसाठी. बाईंनी लेबलकाकांना फोन केला. शेजारणीकडच्या किल्लीने त्यांनी घर उघडलं आणि घोडी जशीच्या तशी, दोन्ही हातांनी धरून, शाळेच्या प्रयोगशाळेत आणली. दहाच्या सुमाराला बाई तिथे पोचल्या. साडी कालचीच, केस तसेच. काकांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा, डिंक आणि पेन टेबलावर मांडून ठेवलं होतं.

"लिहा काका," बाई म्हणाल्या. "काल नाही लिहू दिलं. आज लिहा. पहिली, खायचा सोडा. दुसरी, मीठ. तिसरी..."

काकांनी पेन उचललं नाही.

"तपासून लिहू या, बाई."

"अहो, तपासायचं काय त्यात? खाचा ठरलेल्या आहेत. पाचवीतली थोडी कमी झाली असेल, तेवढंच."

"पाचवी तर जवळजवळ भरलेलीच आहे," काका म्हणाले.

बाईंनी वाकून पाहिलं. पहिली बरणी जवळजवळ तळाला गेलेली. दुसरी पाऊण रिकामी. तिसरी निम्मी, चौथी त्याहून भरलेली, पाचवी त्याहून, सहावी काठोकाठ. एखाद्या जिन्यासारखी सरळ चढत गेलेली रांग. हे काल रात्री त्यांना दिसलंच नव्हतं.

काकांनी सहा परीक्षानळ्या मांडल्या. प्रत्येकीत त्या त्या बरणीतली चिमूटभर भुकटी आणि वरून सौम्य आम्ल. पहिल्या नळीत काहीच झालं नाही. दुसऱ्या नळीत आम्ल पडलं मात्र, तांबूस तपकिरी धूर फसफसत वर आला आणि नळीच्या तोंडातून बाहेर लोंबला. नाकाला झोंबणारा वास सुटला. काकांनी झटकन खिडकी उघडली.

बाई जागच्या हलल्या नाहीत. दुसरी खाच. मिठाची जागा.

"आणि मीठ?" त्यांनी विचारलं.

"पहिलीत असावं," काका म्हणाले.

बाईंनी तिथूनच रुग्णालयात फोन लावला. परिचारिकेने तो आबांच्या कानाला दिला.

"आबा, तुम्ही बरण्यांची जागा बदललीत?"

"बदलली म्हणजे काय, नीट लावल्या," आबांचा आवाज जरा खुशीत होता. "कशाही ठेवल्या होत्यास. भरलेली, रिकामी, मध्येच अर्धी. डोळ्यांना खुपत होतं. रिकामीपासून भरलेलीपर्यंत ओळीत लावून टाकल्या. म्हटलं, उद्या पोरीचा तास आहे, पोरांसमोर सामान व्यवस्थित दिसलं पाहिजे. का गं? चुकलं का काही?"

"नाही आबा," बाई म्हणाल्या. "तुमचं नाही चुकलं."

फोन ठेवला आणि त्या स्टुलावर बसल्या. आबांनी दोनच कण चाखून 'छे, कडवट आहे' म्हणून बरणी ठेवून दिली असती, अंडी अळणीच खाल्ली असती, तर? त्यांना काहीही झालं नसतं. बाईंनी सकाळी घोडी पिशवीत घातली असती. आठ वाजता पहिल्या बाकावरची एखादी मुलगी पुढे आली असती. जीभ काढ, बाळा. आणि दुसऱ्या खाचेतली चिमूट. जरा मोठीच चिमूट, कारण मागच्या बाकांना दिसली पाहिजे.

आणि आजचं सोडा. बावीस वर्षांत ही घोडी कुणी कुणी पुसली होती? सुट्टीत रंगारी आले होते, तेव्हा कुणी उचलून ठेवली होती? एकदा ती पडली होती, पोरांनी बरण्या गोळा करून परत लावल्या होत्या, आणि त्याच दिवशी पुढच्या तासाला आपण एका मुलीच्या जिभेवर चिमूट ठेवली होती. खाच बघून. नुसती खाच बघून! तपासा, तपासा, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, असं पोरांना सांगत. त्या उठून उघड्या खिडकीशी गेल्या.

काकांनी पाणी आणून दिलं. मी सांगत होतो, असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी म्हटलं असतं तर बाईंना जरा बरं वाटलं असतं.

"काका, तुम्ही इतकी वर्षं दारात का उभे राहायचा हो? माझ्या पहिल्या तासाला?"

काका थोडा वेळ चिठ्ठ्यांच्या कडा सारख्या करत राहिले. "तास सुरू व्हायच्या आधी मी दुसरी बरणी तपासून ठेवायचो," ते म्हणाले. "दर वेळी. तरी पोरगी डोळे उघडेपर्यंत माझ्या जिवाला घोर असायचा. त्या दुसऱ्या इमारतीत मात्र मी नसतो. म्हणून म्हटलं होतं काल, सकाळी मीच घेऊन येतो."

बाईंनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला.

तीन दिवसांनी, आबा घरी आल्यावर, दुसऱ्या इमारतीतला तो राहिलेला तास झाला. बाईंनी मुख्याध्यापकांना सगळं लिहून दिलं होतं, एक ओळही न लपवता. त्याचं पुढे काय व्हायचं ते होणार होतं. आज वर्गाला सांगायचं होतं. घोडी त्यांनी आणलीच नव्हती. हातात फक्त एक बरणी होती, रिकामी, धुतलेली, आणि तिच्यावर काकांच्या ठसठशीत अक्षरात 'रिकामी' अशी चिठ्ठी.

त्या टेबलामागे उभ्या राहिल्या. काय बोलायचं ते रात्रीच ठरवलं होतं. माझ्या वडिलांची गोष्ट सांगते, असं सुरू करायचं. पण तोंड उघडायच्या आतच पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. दोन वेण्या, एक मोजा खाली आलेला.

"बाई, मी येऊ? माझ्या ताईला तुम्ही बोलावलं होतं. तिने सांगितलंय मला सगळं. मी घाबरणार नाही."

मुलगी पुढे आली, टेबलासमोर उभी राहिली, डोळे गच्च मिटले आणि तिने जीभ बाहेर काढली. सगळ्या वर्गाने श्वास धरला.

पोरीची जीभ किंचित थरथरत होती. पण ती वाट बघत उभी होती, अगदी निर्धास्त, कारण समोर बाई होत्या. बाईंच्या हातातली रिकामी बरणी टेबलावर टेकताना वाजली.

"तोंड मीट, बाळा," त्या म्हणाल्या. "आणि इथून पुढे कुणीही सांगितलं ना, अगदी मी सांगितलं तरी, उघडू नकोस."